तीस वर्षे आणि चोपन्न दिवस

वाइसेनबाख, गुरुवार, ३ फेब्रुवारी १७७४

सकाळचे सव्वासहा वाजले आहेत. सरसाचे भांडे शेगडीवर ठेवले आहे. तो पातळ होईपर्यंत मला सुमारे पाऊण तास मिळेल, तेवढ्यात हे पत्र लिहितो.

आदरणीय गेस्के आत्या,

बाबा २२ नोव्हेंबरला गेल्याचे तुझे पत्र मला नाताळात मिळाले. सातव्या वर्षी मला तिकडून इकडे दक्षिणेत पाठवले, त्यानंतर मी त्यांना दोनदाच पाहिले. तरी त्या दिवशी माझ्या हातून एक फळी चुकीची कापली गेली.

आता मुद्द्याचे. माझे उस्ताद लॉयपोल्ड गेल्या जूनमध्ये वारले. सुतारसंघाच्या नियमाने विधवेला एक वर्ष आणि एक दिवस कारखाना चालवता येतो, म्हणजे येत्या ११ जूनपर्यंत. त्याआधी त्या जागी नवा उस्ताद हवा, नाहीतर कारखाना जातो. लॉयपोल्डबाईंनी मला निवडले आहे, आणि त्यांच्या मुलीने, सबिनाने, तर त्यांच्याही आधी. पण उस्ताद झाल्याशिवाय लग्न नाही.

उस्ताद होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, चौदा आठवड्यांत खिळा न वापरता केलेले कपाट. ते मी करीन. दुसरी, निर्मळ जन्माचा दाखला. माझ्या घराण्यात फाशी देणारा, मेलेली जनावरे सोलणारा किंवा तुरुंगाचा शिपाई कोणी नव्हता, असे तुमच्या कचेरीने मोहोर लावून लिहायचे. शनिवारी २८ मे रोजी संघाची पेटी उघडेल, म्हणजे उस्तादांची सभा भरेल, तेव्हा तो दाखला तिच्यात ठेवायचा. पेटी उघडी असताना जो खोटे बोलेल तो कायमचा बाहेर. त्याच्या शेजारी उभे राहून काम केलेले कारागीरही मळलेले ठरतात.

काल हुब्शमान उस्ताद, जे संघात सर्वांत वडील आहेत, मला म्हणाले, "फिलर. हे कसलं रे नाव? आमच्याकडे लोहार आहेत, कुंभार आहेत, मासे पकडणारे आहेत. फिलर काय करतो?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"तेवीस वर्षं नाव वागवतोस आणि माहीत नाही? माझ्या कुत्र्यालाही त्याचं नाव कळतं."

सगळे हसले. मीही हसलो. पण पेटीसमोर ते पुन्हा विचारतील, आणि तेव्हा हसणार नाहीत.

मला तिकडची बोली आता आठवत नाही. गावातली मुले माझ्यामागे काहीतरी ओरडायची एवढे आठवते. आणि मला मीठवाल्याच्या गाडीत बसवले तेव्हा तू कुंपणापाशी उभी होतीस, जवळ आली नाहीस, हे आठवते. मी दुधाचे मडके फोडले होते म्हणून तू रागावली असशील. आता राग गेला असेल तर कृपा करून कळव की आपल्या नावाचा अर्थ काय, आणि ते कोणाला, केव्हा पडले. शक्य असल्यास तारखेसह.

तुझा आज्ञाधारक
हाइनरिख फिलर


ओल्डेनबेक, १ मार्च

हाइन,

मडक्याचं मला आठवतसुद्धा नाही.

दाखल्याचं कचेरीत सांगितलंय. साक्षीला दोन माणसं लागतात. एक पाद्री आहे, दुसरा विटांचा मुकादम. तुझ्या बापाबद्दल दोघंही चांगलंच बोलतील, त्याच्या विटा त्यांच्याच भिंतींत आहेत.

नावाचं काय घेऊन बसलास. आजोबा चामड्याच्या धंद्यात होते, असं सांग. तेवढं खरं आहे. बाप विटा भाजत होता, तेही खरं आहे. दोन खऱ्या गोष्टी सांगितल्यावर तिसरी कोणी विचारत नाही.

मी बरी आहे. लोकांची हाडं बसवते, मलम करते, पोटापुरतं मिळतं. तुझा तो हुब्शमान कुत्रं पाळतो, तर त्याला सांग की सांधे धरले की कुत्र्याच्या चरबीसारखं औषध नाही.

कपाटाकडे लक्ष दे.

गेस्के


वाइसेनबाख, शनिवार, २६ मार्च, दुपारचे पाऊण

आत्या,

कपाटाची चौकट उभी राहिली आहे. सांधे घट्ट आहेत. बाकी काहीही ठीक नाही.

मंगळवारी कारागिरांच्या खाणावळीत एक नवा सुतार आला. टोनिएस नाव, तुमच्याकडचा, उत्तरेचा. माझ्याच बाकावर बसला आणि एकाच मगातून आम्ही बिअर प्यायला लागलो. त्याने माझे नाव विचारले. मी सांगितले. त्याने तो मग खाली ठेवला आणि बोटाने हळूच माझ्याकडे सरकवला.

"तूच संपव," तो म्हणाला.

"का, काय झालं?"

"काही नाही. तहान गेली."

शेजारच्यांनी खोदून विचारले तेव्हा तो बोलला. "आमच्याकडे फिलर म्हणजे मेलेल्या घोड्याचं कातडं काढणारा. मी वाटेत ओल्डेनबेकवरून आलो. तिथं माळावर एक म्हातारी आहे, ती हेच काम करते. गडी हाताशी असतो, पण चाकू तीच धरते. लोक तिला फिलरीण म्हणतात. हा तिचा कोण ते यालाच विचारा."

मी म्हणालो, मी अशा कोणाला ओळखत नाही. तेव्हापासून खाणावळीत माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहते. सबिना म्हणाली, "बरं झालं, कोपर ठेवायला जागा मिळाली." पण रात्री ती रडली होती हे तिच्या डोळ्यांवरून सकाळी कळले.

मी संघाचा छापील कागद मागून घेतला. त्यात बादशाही हुकूम आहे, तो अक्षर न् अक्षर उतरवून घेतला आणि दोनदा ताडून पाहिला: "सोलणाऱ्याच्या मुलाने ते काम सोडून, आपल्या घरच्यांसह, निदान तीस वर्षे दुसऱ्या निर्मळ कामावर काढली असतील, तर त्याच्या पुढच्या पिढीला संघाने नाकारू नये."

म्हणून आता सरळ विचारतो. आजोबा सोलणारे होते का? बाबांनी काम केव्हा सोडले? दिवसासह सांग, मला मोजायचे आहे.

आणि ती म्हातारी कोण? त्याच गावात राहतेस, तेव्हा तुला माहीत असणार. आपल्या दूरच्या नात्यातली असेल तर तिला भेटून विनंती कर की कोणी विचारलेच तर तिने आमचे नाव घेऊ नये. थोडेफार पैसे द्यावे लागले तर मी पाठवतो.

हाइनरिख


ओल्डेनबेक, १९ एप्रिल

हाइन,

तिला भेटायला मला लांब जावं लागलं नाही. ती मीच.

आता विचारलंयस तर सगळं ऐक. मी लिहायला शिकले तेच मुळी या कामामुळे. मेलेल्या जनावरांची यादी दर महिन्याला कचेरीत द्यावी लागे. बापाला अक्षर येत नव्हतं, म्हणून ती मी लिहायची.

नाव पडलं तुझ्या पणजोबांना. मोठी लढाई होऊन गावं ओस पडली होती तेव्हा कुर्ट म्हणून एक जण इथं आला. आगापीछा काही नाही. मेलेली गुरं ओढायला गावात कोणी उरलं नव्हतं, ते काम त्यानं धरलं. पहिल्या पोराच्या बाप्तिस्म्याला पाद्र्यानं वहीत लिहिलं, "कुर्ट, परका". दुसऱ्याच्या वेळी लिहिलं, "कुर्ट, फिलर". फिलर म्हणजे सोलणारा, तुझा टोनिएस खरं बोलला. कुर्टच्या वेळी ते काम म्हणून लिहिलं होतं. त्याच्या पोराच्या वेळी नाव म्हणून लिहिलं, आणि मग पुसलं नाही. दळणाऱ्याचं, लोहाराचं, पाव भाजणाऱ्याचं नाव असंच पडलं, पण त्यांना कोणी पेटीसमोर उभं करत नाही. तुमच्या फळ्या ज्या सरसानं चिकटतात तो कशाचा उकळतात, ते हुब्शमानला विचार एकदा.

तुझ्या बापानं काम सोडलं ते १७४३ सालच्या सेंट मायकेलच्या सणाला, २९ सप्टेंबरला. मीही त्याच दिवशी सोडलं, त्याच्याबरोबर. तो वीटभट्टीवर लागला, मी त्याचं घर सांभाळलं. पुढं तू झालास, तुझी आई गेली, तुला मी वाढवलं.

१७५८ च्या मार्चात फ्रेंच फौज इथून माघारी गेली. ओढ्याकाठी त्रेचाळीस घोडे मेलेले टाकून गेली. तुझे आजोबा आदल्या नाताळात वारले होते, झोपडी रिकामी होती. पाण्याला वास यायला लागला. कचेरीचा कारकून आमच्या दारात आला. "फिलरच्या घरातलं कोणीतरी उद्या सकाळी ओढ्यावर पाहिजे. कोण ते तुम्ही ठरवा."

तुझ्या बापानं आढ्यावरचा चाकू काढला. मी म्हटलं, "किती झाली?" तो म्हणाला, "साडेचौदा." अजून साडेपंधरा काढायची होती, आणि ती मोडली की पुन्हा पहिल्यापासून. हुकूम आम्हालाही पाठ होता, तुझ्या आधीपासून.

चाकू मी घेतला. पण हुकुमात "घरच्यांसह" आहे. म्हणून आधी कचेरीत गेले आणि लिहून घेतलं की गेस्के आजपासून भाऊ कॉर्ड फिलरच्या घरची नाही. कारकून म्हणाला, "बाई, यातून तुला काय मिळणार?" मी म्हटलं, "चाकू."

तुला गाडीत बसवलं त्या दिवशी मी ओढ्यावरून आले होते. जवळ आले असते आणि कोणी बघितलं असतं, तर तुझ्या बापाची वर्षं मोडली असती. म्हणून कुंपणापाशी थांबले. मडकं तू फोडलंच नव्हतंस, मांजरानं पाडलं होतं.

त्यानंतर तुझा बाप माझ्या झोपडीत कधी आला नाही. माझी चूल पडायला आली की कुंपणाबाहेर विटा रचून ठेवायचा. चांगल्या भाजलेल्या.

दाखला सोबत आहे, त्यात तुझ्या बापाची तीस वर्षं लिहिलीयत. त्या कारकुनाच्या कागदाची नक्कलही आहे, मोहोर लावलेली. त्यांनी माझ्याबद्दल विचारलं की ती दाखव आणि म्हण, "ती बाई आमच्या घरची नाही." खोटं नाही, सोळा वर्षं मोहोरबंद खरं आहे.

गेस्के


वाइसेनबाख, मंगळवार, १० मे, सकाळचे साडेपाच

आत्या,

तुझे पत्र ३० एप्रिलला मिळाले. दहा दिवस ते रोज वाचतो आहे. आज डाक सातला निघते.

२९ सप्टेंबर १७४३ ते २२ नोव्हेंबर १७७३. तीस वर्षे आणि चोपन्न दिवस होतात. मी तीनदा मोजले.

टोनिएसने हुब्शमान उस्तादांना माळावरच्या बाईबद्दल सांगितले आहे. ते विचारणार हे नक्की. लॉयपोल्डबाई काल जेवताना म्हणाल्या, "बाबा रे, मला नाव कळत नाही, घोडा कळत नाही. मला अकरा जून कळतो." त्यांचे बरोबर आहे. कारखान्यात चार माणसांचे पोट आहे.

कपाट पूर्ण झाले. दार बंद करताना आतली हवा फुस्स करून बाहेर येते, इतके ते घट्ट बसते. दोन उस्ताद पाहून गेले. मला वाईट वागवायची त्यांची इच्छा नाही. त्यांना फक्त सरळ उत्तर हवे आहे.

म्हणून मी तो कागद दाखवीन आणि तू सांगितलेस तेच म्हणेन. मला क्षमा कर.

हाइनरिख


ओल्डेनबेक, १८ मे

हाइन,

क्षमा कसली. मीच सांगितलंय तसं म्हणायला.

माझी पत्रं चुलीत घाल. २८ नंतर मला लिहू नकोस, तिकडच्या डाकेवर माझं नाव नको. सबिनाला माझ्याबद्दल काही सांगू नकोस. लग्नाचं मला कोणाकडून तरी कळेलच.

बोलताना खाली बघू नकोस. तुझ्या बापाला ती खोड होती. खरं बोलला तरी चोर वाटायचा.

गेस्के


निडरलोह, रविवार, ५ जून १७७४, दुपारचे सव्वादोन

आत्या,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो आहे. जसे घडले तसेच सांगतो, माझी बाजू सावरून नाही.

२८ मेला सकाळी नऊ वाजता पेटी उघडली. आठ उस्ताद उभे होते. पेटी उघडी असताना कोणी बसत नाही. माझा दाखला वाचून झाला. हुब्शमान उस्तादांनी नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला, पणजोबांसकट. कोणी हसले नाही.

"बाप?"

"विटा भाजत. तीस वर्षे आणि चोपन्न दिवस."

एक उस्ताद म्हणाले, "दिवससुद्धा मोजलेत? असा माणूस लाकूड वाया घालवणार नाही." तेव्हा जरा हलके वाटले.

मग हुब्शमान म्हणाले, "आणि माळावरची ती बाई?"

मी कारकुनाच्या कागदाची नक्कल दिली. ती सगळ्यांच्या हातातून फिरली. मोहोर पाहिली. हुब्शमान समाधानाने म्हणाले, "छान. हे आमच्या कामी येईल. आता रीतीप्रमाणे पेटीवर हात ठेव आणि तीन वेळा म्हण, ती बाई माझ्या घरची नाही. मग आत ये, पोरा, कपाट मला आवडलंय."

तीन वेळा म्हणायचे असते हे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या छापील कागदात ते नाही.

मी हात ठेवला. एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो. आत्या, मी दोनदा म्हणालो, हे तुझ्यापासून लपवणार नाही. आवाज स्वच्छ होता आणि मी खाली पाहत नव्हतो.

तिसऱ्यांदा तोंड उघडले आणि काही आले नाही. त्यांना वाटले मी विसरलो. हुब्शमान दबक्या आवाजात शब्द पुरवू लागले, शाळेत पुरवतात तसे. "ती बाई..." ते म्हणाले. मी म्हणालो, "ती बाई माझी आत्या आहे. सात वर्षांचा होईपर्यंत तिनेच मला वाढवले. तिच्याशिवाय बाबांची वर्षे साडेचौदाच भरली असती. घरची नाही तर ती कोणाची आहे?"

हुब्शमान म्हणाले, "पेटी उघडी आहे, हाइनरिख."

मी म्हणालो, "हो, दिसते आहे."

त्यांनी पेटी बंद केली. ते रागावले नव्हते, हे मला जास्त लागले. जाताना ते म्हणाले, "गाढवा, एकदाच राहिलं होतं." मग माझ्या कारागीर सोबत्यांना बोलावून प्रत्येकाला शुद्धीचा दंड सांगितला. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांच्यापैकी एकाच्या घरी तीन मुले आहेत.

कारखाना टोनिएसला मिळणार आहे, त्याच्या कपाटासाठी संघाने मुदत वाढवून दिली. लॉयपोल्डबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावले. त्यांना दोष देता येत नाही. त्यांनी सबिनालाही त्यात धरले होते. सबिना सगळ्यांसमोर म्हणाली, "दुकान त्याला दे, आई. मला देऊ नकोस, मी यादीत नाही." त्यावर मायलेकी आठवडाभर बोललेल्या नाहीत. माझ्याशी ती बोलते, पण पूर्वीसारखी नाही. दोनदा म्हणालो तेही मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मला विचारायचं होतंस आधी." काय विचारायचे होते ते तिने सांगितले नाही.

निडरलोह हे वाइसेनबाखपासून चार तासांच्या चालीवर आहे. इथे एका सरदाराची जमीन आहे आणि संघाचा नियम चालत नाही. मी गिरणीमागच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. खिडक्या, पाळणे आणि शवपेट्या करीन. शहरात माल विकता येणार नाही. कपाटही नाही, ते भावी उस्तादाचे म्हणून केलेले होते. ते इथेच ठेवले आहे, त्यात कपडे ठेवू.

मागची खोली उत्तरेकडे आहे, पण कोरडी आहे. गिरणीवाल्याला मी तुझे काम आणि आपल्या नावाचा अर्थ आधीच सांगून टाकला. तो म्हणाला, "हाडं बसवते म्हणालास ना? माझा खांदा सहा वर्षं उतरलेला आहे." एवढेच बोलला. बाकीचे गाव काय म्हणेल ते माहीत नाही.

हिशोब खाली देतो. तुला कळावा म्हणून.

खर्च:
जन्मदाखला, मोहोर, दोन साक्षीदार: ४ गुल्डन ३० क्रॉयत्सर
ओक आणि अक्रोडाचे लाकूड: ११ गुल्डन
पेटी उघडण्याचे: २ गुल्डन
उस्तादांचे जेवण: झाले नाही
दोन खोल्या, सहा महिने: ६ गुल्डन
डाकगाडी, ओल्डेनबेक ते निडरलोह, एक जागा आणि एक पेटारा, नाव गेस्के फिलर, सोमवार २७ जून: ३ गुल्डन १५ क्रॉयत्सर
एकूण: २६ गुल्डन ४५ क्रॉयत्सर

देणे:
लाकूडवाल्याचे: ५ गुल्डन
सोबत्यांचा शुद्धीचा दंड, तिघांचा, मी भरीन असे सांगितले: ४ गुल्डन ३० क्रॉयत्सर
सबिनाचे, घाई नाही म्हणाली: २ गुल्डन
एकूण: ११ गुल्डन ३० क्रॉयत्सर

डाकगाडीचे पैसे आगाऊ भरले आहेत. जागा रिकामी राहिली तरी ते परत मिळत नाहीत.

हाइनरिख फिलर